अपुरे गीत आणि विद्यार्थ्यांचा बँड : कारेल हुसा यांच्या रचनांतील साक्षीचे स्वरूप

१

पाश्चात्त्य संगीताच्या इतिहासलेखनात ‘बँड’ या वाद्यसमूहाला दीर्घकाळ दुय्यम स्थान मिळत आले आहे. सिम्फनी, स्ट्रिंग क्वार्टेट आणि ऑपेरा हे प्रतिष्ठित संगीतप्रकार मानले गेले. बँड मात्र लष्करी संचलन, बागेतील रविवारची करमणूक आणि शाळा-महाविद्यालयांचे समारंभ यांच्याशी जोडला गेला. भरताच्या नाट्यशास्त्रातील चतुर्विध वर्गीकरणाच्या भाषेत सांगायचे तर कॉन्सर्ट बँड हा मुख्यतः सुषिर, अवनद्ध आणि घन वाद्यांचा समूह आहे. ऑर्केस्ट्राचा कणा मानला जाणारा व्हायोलिन-कुळातील तत वाद्यांचा ताफा त्यात नसतो. ही तांत्रिक उणीव हळूहळू सांस्कृतिक उणीव समजली जाऊ लागली, आणि बँडसाठी लिहिले गेलेले संगीत गंभीर आशय पेलू शकत नाही असा समज रूढ झाला.

कारेल हुसा (१९२१–२०१६) या चेक-अमेरिकन रचनाकाराच्या कार्याचा विचार या समजाच्या पार्श्वभूमीवर करावा लागतो. त्यांना १९६९ चे पुलित्झर पारितोषिक तिसऱ्या स्ट्रिंग क्वार्टेटसाठी आणि १९९३ चे ग्रॉमायर पारितोषिक चेलो कन्चेर्टोसाठी मिळाले. म्हणजे हे दोन्ही सन्मान त्यांना तत वाद्यांसाठीच्या रचनांवर लाभले. परंतु त्यांचे नाव जगभर पोचवले ते एका महाविद्यालयाच्या विद्यार्थी-बँडसाठी लिहिलेल्या ‘म्युझिक फॉर प्राग १९६८’ या रचनेने. स्वतःच्या देशावर झालेल्या लष्करी आक्रमणाची साक्ष देण्यासाठी एका निर्वासित कलावंताच्या हाती नेमके हेच दुय्यम मानलेले माध्यम यावे, आणि ती साक्ष परक्या भाषेच्या तरुण वादकांच्या श्वासावर टिकावी, ही घटना तौलनिक साहित्याभ्यासाच्या दृष्टीनेही महत्त्वाची आहे. निःशब्द कलाकृती साक्ष देऊ शकते का, आणि देत असल्यास त्या साक्षीचे वहन कोण करते, हे दोन प्रश्न तीतून उभे राहतात. हुसा यांच्या बँड-रचनांचे मर्म त्यांच्यातील रचनाकाराइतकेच त्यांच्यातील शिक्षकातही आहे, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे.

२

हुसा यांचा जन्म ७ ऑगस्ट १९२१ रोजी प्राग येथे झाला. मुलाने अभियंता व्हावे अशी आई-वडिलांची इच्छा होती आणि त्यानुसार त्यांनी तंत्रशिक्षणाचा मार्ग धरला होता. मात्र १९३९ मध्ये नाझी राजवटीने चेक उच्च शिक्षणसंस्था बंद केल्या. १९४१ मध्ये त्यांनी प्रागच्या संगीत महाविद्यालयात प्रवेश घेतला. पुढे अध्यापनाला वाहिलेल्या या रचनाकाराच्या आयुष्याला पहिले वळण मिळाले ते विद्यालयांना टाळे लागल्यामुळे, ही बाब नोंद घेण्याजोगी आहे.

महायुद्धानंतर १९४६ मध्ये ते पॅरिसला गेले. तेथे आर्थर होनेगेर आणि नादिया बुलांजे यांच्यासारख्या गुरूंकडे त्यांनी शिक्षण घेतले आणि रचनेबरोबर वाद्यवृंद-संचालनाचाही अभ्यास केला. १९४८ च्या फेब्रुवारीत चेकोस्लोव्हाकियात साम्यवादी पक्षाने सत्ता हस्तगत केली. हुसा परतले नाहीत, आणि पुढच्या वर्षी त्यांचे पारपत्र रद्द झाले. १९५४ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील इथाका या छोट्या शहरातील कॉर्नेल विद्यापीठात ते रुजू झाले आणि १९९२ मध्ये निवृत्त होईपर्यंत तेथेच राहिले. १९५९ मध्ये त्यांनी अमेरिकेचे नागरिकत्व स्वीकारले. त्याच शहरातील इथाका कॉलेज या स्वतंत्र संस्थेतही १९६७ ते १९८६ या काळात त्यांनी अध्यापन केले. स्टीव्हन स्टकी आणि ख्रिस्तोफर राउझ हे पुढे पुलित्झर पारितोषिक मिळवणारे रचनाकार त्यांचे विद्यार्थी होत.

हुसा ज्या अमेरिकेत पोचले तिथे बँडचे स्थान युरोपाहून निराळे होते. शाळा, महाविद्यालये आणि विद्यापीठे यांतून बँडचे विस्तृत जाळे पसरले होते. त्यांचे वादन दर्जेदार होते. मात्र त्यांच्यासाठी मुद्दाम लिहिलेले संगीत अपुरे होते. मार्च आणि ऑर्केस्ट्रा-रचनांची रूपांतरे यांवर त्यांची भिस्त होती. फ्रेडरिक फेनेल यांनी १९५२ मध्ये ईस्टमन विंड एन्सेम्बल स्थापून प्रत्येक भागाला मोजके वादक हे तत्त्व रुजवले आणि स्वतंत्र वाङ्मयाची मागणी वाढली.

या वाङ्मयाच्या घडणीत युरोपातून परागंदा झालेल्या रचनाकारांचा वाटा लक्षणीय आहे. आर्नोल्ड शोनबेर्ग यांचे ‘थीम अँड व्हेरिएशन्स’ १९४३ चे. डारियस मियो यांनी १९४४ मध्ये लिहिलेल्या ‘सुईत फ्रांसेझ’ या रचनेत फ्रान्सच्या प्रांतांतील लोकधुना गुंफल्या. ज्या भूमीवर अमेरिकन सैनिक लढले त्या भूमीचे सूर त्यांच्या मुला-भावंडांनी वाजवावेत, अशी त्यामागची भूमिका होती. पाउल हिंडेमिट यांची बँडसाठीची सिम्फनी १९५१ ची आहे. हे तिघेही नाझी संकटामुळे अमेरिकेत आलेले, आणि तिघेही तेथे अध्यापन करणारे. मायभूमी गमावलेल्या कलावंताला नव्या देशात जो वाद्यसमूह सहज उपलब्ध झाला तो विद्यार्थ्यांचा होता. निर्वासितपण आणि अध्यापन यांच्या या सांध्यावर अमेरिकन बँड-वाङ्मयाचा एक मोठा भाग उभा आहे. हुसा हे या परंपरेतील उत्तरकालीन, पण सर्वांत प्रखर नाव होय.

३

२० ऑगस्ट १९६८ च्या रात्री वॉर्सा करारातील राष्ट्रांच्या फौजा चेकोस्लोव्हाकियात घुसल्या आणि अलेक्झांडर दुबचेक यांच्या नेतृत्वाखालील उदारीकरणाचा प्रयोग, म्हणजेच ‘प्राग वसंत’, चिरडला गेला. इथाकाजवळील केयुगा सरोवराकाठच्या आपल्या उन्हाळी घरात हुसा रेडिओवरून या बातम्या ऐकत होते. इथाका कॉलेजच्या कॉन्सर्ट बँडने त्यांच्याकडे एका रचनेची मागणी केलेली होती. त्या मागणीतून ‘म्युझिक फॉर प्राग १९६८’ जन्माला आली. केनेथ स्नॅप यांच्या संचालनाखाली ३१ जानेवारी १९६९ रोजी वॉशिंग्टन येथे संगीत-शिक्षकांच्या परिषदेत तिचा पहिला प्रयोग झाला. प्रागमधील यान पालाख या विद्यार्थ्याने आक्रमणाच्या निषेधार्थ स्वतःला पेटवून घेतले होते. १९ जानेवारीला त्याचा मृत्यू झाला. म्हणजे त्यानंतर अवघ्या १२ दिवसांनी दुसऱ्या एका देशातील विद्यार्थी ही रचना वाजवत होते, आणि ऐकणाऱ्यांत शिक्षक बहुसंख्य होते.

शीर्षकातील दोन तपशील अर्थपूर्ण आहेत. हे संगीत प्राग‘विषयी’ नाही, प्राग‘साठी’ आहे. शहर येथे वर्णनाचा विषय नसून संबोधनाचा धनी आहे. आणि शीर्षकात सनावळी आहे. एरवी इतिहासकाराच्या टाचणात शोभणारा आकडा कलाकृतीच्या नावात आल्याने ती एका विशिष्ट क्षणाला बांधली जाते. योसेफ श्क्वोरेत्स्की हे चेक कादंबरीकार १९६९ मध्ये कॅनडात गेले आणि १९७१ मध्ये त्यांनी व त्यांच्या पत्नीने टोरांटोत बंदी घातलेल्या चेक साहित्यासाठी जी प्रकाशनसंस्था काढली तिचे नावही ‘६८ पब्लिशर्स’ असेच आहे. मायदेशात जे साल अधिकृत स्मृतीतून पुसले जात होते त्याचेच विशेषनाम करण्याची ही कृती दोन्हीकडे सारखी आहे. भेद आहे तो वाहकाचा. श्क्वोरेत्स्की यांना चेक वाचणारा वाचक हवा होता. हुसा यांना चेक भाषेचा गंधही नसलेला वादक पुरेसा होता.

रचनेचे चार खंड आहेत : प्रवेश आणि तुतारीनाद, आरिया, इंटरल्यूड, टोकाटा आणि समूहस्तोत्र. तिच्या मुळाशी तीन कल्पना असल्याचे हुसा यांनी स्वतः नोंदवले आहे. पहिली कल्पना पंधराव्या शतकातील ‘क्तोश यसू बोझी बोयोव्हनीत्सी’ या हुसपंथी रणगीताची. दुसरी घंटानादाची : शेकडो मनोऱ्यांचे शहर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रागने आपल्या चर्चमधील घंटा संकटाच्या वेळी वाजवल्या, तशाच विजयाच्या वेळीही. तिसरी कल्पना तीन स्वरसंघातांच्या एका बंधाची. तो आरंभी अतिशय हलका आणि पुढे आरियाच्या मध्यात प्रचंड आवाजात येतो. यांच्या जोडीला आरंभीचे पिकोलोचे एकाकी वादन आहे. ती पाखराची हाक आहे. प्रागने हजार वर्षांच्या अस्तित्वात क्षणमात्रच अनुभवलेल्या स्वातंत्र्याचे ते प्रतीक, असे रचनाकाराचे म्हणणे.

यांतील रणगीताची परंपरा समजून घेतल्याशिवाय हुसा यांच्या योजनेचे वेगळेपण ध्यानात येत नाही. धर्मसुधारक यान हुस यांना १४१५ मध्ये कॉन्स्टान्झ येथे जाळण्यात आले. (रचनाकाराच्या आडनावाशी असलेल्या या नामसादृश्यावर काही उभारण्याचे कारण नाही.) त्यानंतर १४१९ ते १४३४ या काळात त्यांचे अनुयायी साम्राज्याच्या आणि पोपच्या फौजांशी लढले. त्या लढ्यातील हे गीत. १४३१ मध्ये दोमाझ्लित्से येथे ते दुरून ऐकताच शत्रुसैन्याने पळ काढला, अशी आख्यायिका आहे. एकोणिसाव्या शतकातील राष्ट्रीय पुनरुत्थानात त्याला नवा अर्थ मिळाला. बेड्रिख स्मेताना यांच्या ‘मा व्लास्त’ या काव्यचक्रातील ‘ताबोर’ (१८७८) आणि ‘ब्लानिक’ (१८७९) या अखेरच्या दोन रचना याच गीतावर उभ्या आहेत. आन्तोनिन ड्वोरझाक यांनी १८८३ च्या ‘हुसित्स्का’ या रचनेत त्याचा उपयोग केला. विसाव्या शतकात हे गीत चेक सीमेबाहेरही प्रतिकाराची खूण बनले. जर्मन रचनाकार कार्ल आमाडेउस हार्टमान यांनी १९३९ च्या ‘कॉन्चेर्टो फुनेब्रे’मध्ये ते योजले. व्हिक्टर उलमान यांनी टेरेझीनच्या यातनातळावर १९४४ मध्ये लिहिलेल्या सातव्या पियानो सोनाटाच्या शेवटी ते आणले. त्याच वर्षी ऑशविट्झमध्ये त्यांची हत्या झाली.

म्हणजे हुसा यांच्यापाशी हे गीत आले तेव्हा ते निव्वळ धून राहिलेले नव्हते. ती अनेक हातांनी लिहिलेली संहिता झाली होती. अशा संहितेचा उपयोग करताना स्मेताना तिला विजयापर्यंत नेतात. ‘ब्लानिक’च्या अखेरीस गीत आणि राष्ट्राच्या गतवैभवाचे सूर एकत्र येऊन इतिहासाला आश्वासक समाप्ती देतात. हुसा नेमके हेच नाकारतात. पहिल्या खंडात टिंपनीवर गीताचा आरंभ इतक्या हलक्या हाताने येतो की तो सुगावा वाटावा. शेवटच्या खंडात तोच आरंभ सर्व वाद्यांच्या एकस्वरात, पूर्ण ताकदीने येतो. परंतु संपूर्ण गीत रचनेत कोठेही वाजत नाही. त्याचा आरंभ आहे, पूर्ती नाही.

ही अपूर्णता हाच रचनेचा अन्वयार्थ आहे. १९६८ च्या शरदात विजयाचे कडवे वाजवणे ही खोटी साक्ष ठरली असती. गीत अजिबात न वाजवणे म्हणजे पराभवाला अंतिम मानणे झाले असते. आरंभ तेवढा ठामपणे उच्चारून थांबणे हा तिसरा पर्याय, आणि तो संगीताच्या आकृतिबंधातूनच सिद्ध होतो. येथे एकस्वराचेही प्रयोजन ध्यानात घ्यावे. आधीच्या तिन्ही खंडांत स्वर विखुरलेले, परस्परांवर आदळणारे आहेत. आरियामध्ये बारा-स्वरी तंत्राची छाया आहे. इंटरल्यूड तर केवळ तालवाद्यांचे आहे : घन वाद्यांचे थेंब पडत राहतात, आणि अखेरीस साइड ड्रमची थरथर वाढत वाढत थेट टोकाटात घुसते. सुषिर वाद्यांचा, म्हणजे श्वासाचा, हा अभाव ऐकणाऱ्याला जाणवतो. श्वास कोंडलेल्या या खंडानंतर समूहस्तोत्राचा एकस्वर येतो तेव्हा तो सांगीतिक परिणामापुरता उरत नाही. अनेकांनी एक वाक्य एकदम उच्चारण्याची ती कृती ठरते. रणाचे वाद्य असलेला साइड ड्रम आणि प्रतिकाराचे गीत हे दोन्ही एकाच बँडच्या पोटात आहेत. रणगाड्यांच्या स्वारीविरुद्ध बोलण्यासाठी लष्करी परंपरेतून आलेला वाद्यसमूह वापरण्यातील विरोध हुसा यांनी झाकलेला नाही. त्यालाच आशयाचा भाग केले आहे.

४

या विवेचनावर एक गंभीर आक्षेप संभवतो. पिकोलो म्हणजे पाखरू, ते स्वर म्हणजे हुसपंथी गीत, घंटा म्हणजे प्राग, हे सारे श्रोत्याला कसे कळते? ते रचनाकाराने सांगितल्यामुळे कळते. स्वरलिपीच्या आरंभी हुसा यांचे प्रास्ताविक आहे, आणि प्रत्येक प्रयोगाच्या वेळी ते कार्यक्रमपत्रिकेत पूर्ण छापावे किंवा श्रोत्यांना वाचून दाखवावे अशी इच्छा त्यांनी नमूद केली आहे. मग साक्ष संगीताची की प्रास्ताविकाची?

मराठी सौंदर्यविचारात हा प्रश्न परिचित आहे. बा. सी. मर्ढेकर यांनी कलाकृतीचा विचार संवाद, विरोध आणि समतोल या लयबंधांच्या आधारे केला. त्या दृष्टीने संगीताचे सौंदर्य स्वरांच्या परस्परसंबंधांतच शोधावे लागेल आणि प्राग किंवा १९६८ हे त्याला बाहेरून चिकटलेले ठरेल. रा. भा. पाटणकर यांनी ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७४) या ग्रंथात कलाविचाराच्या अलौकिकतावादी आणि लौकिकतावादी अशा दोन ध्रुवांची मांडणी करून, यांपैकी एकाच्या बळावर कलेचे स्वरूप पुरते उलगडत नाही हे दाखवले. हुसा यांची रचना या दुसऱ्या मांडणीला पोषक उदाहरण पुरवते.

फ्रेंच समीक्षक जेरार झनेत यांनी शीर्षक, प्रस्तावना, अर्पणपत्रिका अशा संहितेच्या उंबरठ्यावरील मजकुराला संहितेच्या ग्रहणात निर्णायक स्थान दिले. मराठीत त्याला परिसंहिता म्हणता येईल. हुसा यांचे प्रास्ताविक ही अशी परिसंहिता आहे. मात्र ग्रंथाची प्रस्तावना वाचक वगळू शकतो. येथे ती प्रयोगाचाच भाग व्हावी अशी अपेक्षा आहे. तिचे कार्य भाषांतराचे आहे. चेक श्रोत्याला टिंपनीचे पहिले स्वर ऐकताच जे कळते ते ओहायो किंवा टोकियो येथील श्रोत्याला कळावे यासाठी तो मजकूर आहे. भाषांतर लागते म्हणून मूळ कृती दुर्बल ठरत नाही. तिची एक स्मृतिभाषा आहे आणि ती सर्वांना अवगत नाही, एवढेच त्यातून सिद्ध होते.

शिवाय प्रास्ताविक प्रतीकांची नावे सांगते. ती प्रतीके काळात कशी घडतात हे सांगू शकत नाही. गीत पूर्णपणे वापरलेले नाही हे वाक्य एक माहिती आहे. पण वीस मिनिटांच्या आसपास चालणाऱ्या रचनेत त्या गीताची वाट पाहणे, ते आल्याचा भास होणे, ते येऊन पूर्ण न होताच थांबणे हा अनुभव आहे. साक्षीचे बळ या दुसऱ्या गोष्टीत आहे. प्रास्ताविक काय घडले ते कळवते, तर आकृतिबंध काय अपुरे राहिले ते भोगायला लावतो. दोघांपैकी एकाला वगळून दुसऱ्याचा निवाडा करणे हे या कृतीच्या बाबतीत अपुरे वाचन ठरेल.

५

शब्द आणि संगीत यांच्यातील ही सीमारेषा हुसा यांनी पुढच्याच मोठ्या बँड-रचनेत ओलांडली. ‘अपॉथिओसिस ऑफ धिस अर्थ’ (१९७०) ही मिशिगन राज्यातील शालेय बँड व ऑर्केस्ट्रा संघटनेच्या मागणीवरून लिहिलेली रचना विल्यम रेव्हेली या ख्यातनाम बँड-शिक्षकाला अर्पण केलेली आहे. युद्धे, भूक, प्रदूषण, प्राण्यांच्या जातींचा नाश यांनी ग्रासलेल्या पृथ्वीची चिंता तिच्यामागे आहे. पहिल्या खंडात पृथ्वी विश्वातील एका प्रकाशबिंदूसारखी दिसते आणि जवळ येत जाते. दुसऱ्यात तिचा निर्दय संहार होतो. तिसरा खंड ताजा कलम आहे, जिथे सांगण्यासारखे फारसे उरलेले नाही.

या तिसऱ्या खंडात वादक वाद्ये बाजूला ठेवून बोलतात. आरंभी ते यंत्रवत, सुटी अक्षरे उच्चारतात. त्या विखुरलेल्या अक्षरांतून अखेरीस ‘ही सुंदर पृथ्वी’ या अर्थाचे साधे इंग्रजी शब्द जुळून येतात. ‘प्राग’मध्ये पंधराव्या शतकातील गीताचे शब्द गाळून स्वर उरले होते. येथे स्वर संपल्यावर शब्द उरतात. पहिल्या रचनेत भाषा वादकांना अपरिचित होती, म्हणून ती वाद्यांत दडली. दुसऱ्यात ती वादकांची स्वतःची आहे, म्हणून ती त्यांच्या तोंडून येते. दोन्हीकडे अपुरेपणाच आशयाचा वाहक आहे. गीत पूर्ण होत नाही, आणि वाक्याला क्रियापद मिळत नाही. सुंदर पृथ्वीचे काय झाले, ते का होऊ दिले, हा प्रश्न उच्चारला न जाताच सभागृहात राहतो.

१९७६ मधील ‘अ‍ॅन अमेरिकन ते देउम’ या गायक आणि बँड यांच्यासाठीच्या रचनेत शब्दाला आणखी मोकळे दार मिळाले. आयोवा राज्यातील को कॉलेजसाठी लिहिलेल्या या कृतीत धार्मिक आणि लोकपरंपरेतील मजकुराबरोबर हेन्री डेव्हिड थोरो, नॉर्वेजियन-अमेरिकन कादंबरीकार ओले रोल्व्हाग आणि चेक कवी ओतोकार ब्रझेझिना यांच्या लेखनातील अंश आले आहेत. स्थलांतरितांच्या अनेक आवाजांतून एका देशाची स्तुती रचण्याचा हा प्रयत्न व्याप्तीने मोठा आहे. तथापि ‘प्राग’मधील संयमाची धार त्यात जाणवत नाही. जिथे सर्वांना बोलता येते तिथे मौनाचे मोल कमी होते. हुसा यांची प्रतिभा न सांगितलेल्या गोष्टीच्या कडेवर अधिक समर्थ ठरते, याचा हा उलट बाजूने मिळणारा पुरावा म्हणता येईल.

६

आता वाहकाचा प्रश्न. १९७० च्या ३१ जानेवारीला, म्हणजे पहिल्या प्रयोगानंतर बरोबर एका वर्षाने, म्युनिक येथे हुसा यांनी ‘प्राग’चे ऑर्केस्ट्रासाठीचे रूप संचालित केले. प्रतिष्ठित सभागृहांचे दार असे उघडले. तरीही रचना वर्षानुवर्षे जिवंत ठेवली ती विद्यापीठे आणि महाविद्यालये यांच्या बँडनी. याचे कारण संस्थेच्या स्वरूपात आहे. व्यावसायिक ऑर्केस्ट्रा थोड्या तालमींत रचना बसवते. विद्यार्थ्यांचा बँड तीच रचना अनेक आठवडे गिरवतो. दर चार वर्षांनी वादकांची पिढी बदलते, आणि नव्या पिढीला ती पुन्हा शिकवावी लागते. शिकवताना ‘हे गीत कोणाचे, ते येथेच का थांबते’ हे सांगणे भाग पडते. हुसा स्वतः अनेक महाविद्यालयांच्या बँडना पाहुणे संचालक म्हणून ही रचना शिकवत राहिले. मौखिक परंपरेत संहिता जशी पाठांतराने टिकते, तशी येथे ती तालमीने टिकली. ग्रंथाचा वाचक संहिता ग्रहण करतो. बँडमधील विद्यार्थी ती आपल्या श्वासाने घडवतो. चेक इतिहासाशी नाते नसलेला तरुण त्या एकस्वरातील आपला वाटा वाजवतो तेव्हा साक्षीदार कोण, या प्रश्नाचे उत्तर रचनाकारापुरते मर्यादित राहत नाही.

या व्यवस्थेतील धोकाही नजरेआड करता येणार नाही. जी कृती पुनःपुन्हा शिकवली जाते ती अभ्यासक्रमाचा ठोकळा बनू शकते. टोकाटाचा वेग आणि तुतारींच्या उंच पट्ट्या यांमुळे ‘प्राग’ ही वादकांच्या कौशल्याची कसोटी मानली जाते. कौशल्य हेच साध्य झाले की शहराचे नाव एका अवघड रचनेचे नाव होऊन बसते. प्रास्ताविक वाचले जावे हा हुसा यांचा आग्रह या संदर्भात निराळा दिसू लागतो. तो अर्थ लादण्याचा हट्ट नव्हता. पुनरावृत्तीतून येणाऱ्या विस्मरणाविरुद्ध एका अनुभवी शिक्षकाने घेतलेली ती खबरदारी होती.

चेकोस्लोव्हाकियात ही रचना दोन दशके वाजू शकली नाही. १९८९ च्या मखमली क्रांतीनंतर, १९९० च्या फेब्रुवारीत, हुसा यांनी प्राग येथे तिचे ऑर्केस्ट्रा-रूप स्वतः संचालित केले. ज्या शहरासाठी ती लिहिली होती त्याला ती २१ वर्षांनी ऐकायला मिळाली. गीताचा आरंभ कळण्यासाठी तेथे कोणत्याही प्रास्ताविकाची गरज नव्हती. विशेष म्हणजे परिस्थिती पालटली तरी हुसा यांनी स्वरलिपीत विजयाचे कडवे जोडले नाही. साक्ष ज्या क्षणाची होती त्या क्षणाशी ती प्रामाणिक राहिली.

१४ डिसेंबर २०१६ रोजी नॉर्थ कॅरोलिना राज्यात हुसा यांचे निधन झाले. दरम्यान १९७१ चा तालवाद्ये व विंड एन्सेम्बलसाठीचा कन्चेर्टो, १९८२ चा विंड एन्सेम्बलसाठीचा कन्चेर्टो आणि १९९६ मधील ‘ले कुलर फोव्ह’ या कृतींनी बँडच्या रंगविश्वाच्या सीमा त्यांनी सतत वाढवत नेल्या होत्या. त्यांचे स्वतंत्र सांगीतिक मूल्यमापन हा निराळा विषय आहे. साहित्याच्या अभ्यासकाला त्यांच्या कार्यातून मिळणारा धडा साक्षवाङ्मयाच्या व्याख्येशी निगडित आहे. निर्वासितांचे साहित्य म्हटले की आत्मचरित्र, कादंबरी, कविता यांच्याकडे लक्ष जाते, आणि त्यांच्या प्रसाराचा विचार प्रकाशक, भाषांतरकार व वाचक यांच्या साखळीतून केला जातो. हुसा यांच्या उदाहरणात या साखळीत तालीमघर, संगीतशिक्षक आणि दर काही वर्षांनी बदलणारे विद्यार्थी यांनाही जागा द्यावी लागते. प्रतिष्ठेच्या उतरंडीत खाली असलेल्या एका माध्यमाने एका शहराची स्मृती ज्या निष्ठेने सांभाळली, ती पाहता ही उतरंडच पुन्हा तपासून पाहणे इष्ट ठरेल.